शब्द पाठ करावे कीं वाचावे?

इंग्रजीचे कठीण शब्द मुलांस यावे कसे, हा प्रश्न पालक आम्हांस जितक्या वेळां विचारतात तितक्या वेळां दुसरा कोणताहि विचारीत नसतील. मुलगा आठवींत गेला कीं वडील शब्दांची एक जाडजूड पुस्तिका घेऊन येतात, आणि "सर, यांतले रोज वीस शब्द पाठ करून घेतों" असें मोठ्या समाधानानें सांगतात. हल्लीं पुस्तिकेची जागा मोबाईलनें घेतली आहे. त्यांत रोज सकाळीं एक नवा शब्द दूधवाल्यासारखा आपण होऊन घरीं येतो. साधन बदललें, पण समजूत तीच राहिली, कीं शब्द म्हणजे चिंचोके असून ते मोजून पिशवींत भरावयाचे असतात. आमचें मत याहून निराळें आहे, आणि तें आमचीच फजिती होऊन बनलेलें आहे.

आम्ही स्वतः शाळेंत असतांना अशीच एक शब्दांची वही पाठ केली होती. तींत 'नोटोरियस' या शब्दापुढें 'प्रसिद्ध' असा अर्थ दिला होता. वर्गाच्या निरोपसमारंभांत आभार मानण्याचें काम आमच्याकडे आलें, आणि आमच्या वंदनीय मुख्याध्यापकांस आम्हीं भर सभेंत, खणखणीत आवाजांत, सर्व जिल्ह्यांत 'नोटोरियस' असलेले गृहस्थ म्हटलें. पाहुणे खालीं पाहूं लागले. मुख्याध्यापक मात्र आमच्या पाठीवर हात ठेवून हंसले, आणि दुसऱ्या दिवशीं त्यांनीं आम्हांस बोलावून एवढेंच विचारलें, "हा शब्द तूं कोणाच्या तोंडून ऐकला होतास?" आम्हीं तो कोणाच्याच तोंडून ऐकला नव्हता. एखाद्या दरोडेखोराविषयीं किंवा लांचखाऊ कारभाऱ्याविषयीं कोणी तो वापरतांना आम्हांस दिसला असता, तर त्या शब्दाला कसला वास येतो हें आम्हांस न सांगतां कळलें असतें.

कोशाची निंदा करावी असा आमचा हेतु नाहीं. मोल्स्वर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं निघाला, त्याची दुसरी आवृत्ति १८५७ सालीं निघाली, आणि मधल्या काळांत, १८४७ सालीं, मोल्स्वर्थ व कॅंडी यांचा इंग्रजी-मराठी कोश तयार झाला. हीं पुस्तकें आमच्या टेबलावर आजहि असतात व त्यांवांचून आमचें काम अडतें. परंतु कोशकाराला शब्द कोशांत सांपडत नाहीं. तो त्याला माणसांच्या बोलण्यांत किंवा लिहिण्यांतच सांपडतो. कोश ही शब्दांची वंशावळ आहे. वंशावळ वाचून कुळ कळतें. ओळख व्हावयाची तर माणसाच्या घरींच गेलें पाहिजे.

शब्दांचें घर म्हणजे गोष्ट. त्यांतहि वरच्या इयत्तांच्या मुलांस आम्ही ऐतिहासिक कादंबरी सुचवितों, आणि त्यास कारण आहे. आजकालच्या गोष्टींतलीं माणसें चहा पितात, गाडींत बसतात, फोनवर बोलतात. त्यांची भाषा गोड असते, पण तींतले शब्द मुलांस बहुधा ठाऊक असतात. ऐतिहासिक कादंबरींत वेढा पडतो, तह होतो, वकील येतो, खंडणी मागितली जाते, कोणी शपथ मोडतो, कोणी धन्यासाठीं प्राण देतो. 'सीज', 'ट्रूस', 'एन्व्हॉय', 'ट्रिब्यूट', 'अलीजन्स' हे शब्द अशाच प्रसंगांचे सोबती. ते जुने झाले असें कोणास वाटत असेल तर त्यानें आजचें कोणतेंहि इंग्रजी वर्तमानपत्र उघडावें. युद्धाच्या व वाटाघाटींच्या बातम्या अद्याप याच शब्दांवर चालतात. शिवाय कादंबरी तीनचारशें पानांची असते. पहिल्या प्रकरणांत न समजलेला शब्द तिसऱ्यांत पुन्हां दिसतो, सातव्यांत तो दुसऱ्याच प्रसंगीं भेटतो, आणि अखेरीस कोणी न सांगतां तो आपला होतो. वीस शब्द पाठ करणाऱ्या मुलास प्रत्येक शब्द एकदांच भेटतो, आणि तोहि रांगेंत उभा केलेला.

पण कादंबरी कोणती द्यावी, येथें आम्हीं प्रथम चूक केली. आमच्या वर्गांत त्र्यंबकेश्वराहून येणारीं कांहीं मुलें आहेत. नाशिकापर्यंतची अठ्ठावीस किलोमीटरांची वाट तीं सकाळच्या एस. टी. नें येतात, आणि आषाढ-श्रावणांत त्यांच्या दप्तरांतून पाणी गळत असतें. शहरांतल्या मुलांच्या मानानें त्यांचें इंग्रजी बुजरें. त्यांस आम्हीं सर वॉल्टर स्कॉट यांची 'आयव्हॅन्हो' दिली. १८१९ च्या अखेरीस निघालेली ही कादंबरी आमच्या फार आवडीची. पण आमची आवड ही मुलांची सोय नव्हे. इंग्लंडांतल्या सरदारांचे भाल्यांचे सामने, त्यांचीं चिलखतें, तिकडचे मठ आणि मठाधिपति, यांतलें कांहींच त्या मुलांस डोळ्यांपुढें आणतां येईना. वस्तु अनोळखी आणि शब्दहि अनोळखी. दोन आंधळ्यांनीं एकमेकांस वाट दाखवावी तसें झालें. महिन्याभरांत पुस्तकें परत आलीं. खुणेचा कागद चाळिसाव्या पानापुढें कोणाचाच गेला नव्हता.

तेव्हां आम्हीं कपाटांतून मेडोज टेलर यांची 'तारा' काढली. हे गृहस्थ १८०८ सालीं लिव्हरपुलास जन्मले आणि १८२४ सालीं, मिसरूड फुटण्याच्या वयांत, मुंबईस आले. पुढें निजामाच्या नोकरींत त्यांचा जन्म गेला. इकडच्या भाषा ते इकडच्या माणसांत राहूनच शिकले. १८५३ पासून १८५७ पर्यंत नळदुर्गचा कारभार त्यांच्याकडे होता, आणि तुळजापूर त्याच मुलुखांत येतें. आज हीं दोन्ही गांवें धाराशिव जिल्ह्यांत आहेत. 'तारा' १८६३ सालीं प्रसिद्ध झाली. तिची नायिका ही तुळजापूरच्या एका विद्वान ब्राह्मणाची मुलगी, बालविधवा. आणि तिच्या आयुष्याभोंवतीं अफझलखानाच्या स्वारीचा काळ उभा केलेला आहे. याच लेखकाच्या १८३९ सालच्या दुसऱ्या एका कादंबरीमुळें आपल्याकडचा 'ठग' हा शब्द इंग्रजी वाचकांच्या जिभेवर बसला, हें ऐकून मुलांस मोठी मौज वाटली. इंग्रजांसहि आपल्याकडून शब्द पाठ करावे लागले म्हणावयाचे!

एक सूचना येथेंच देतों. टेलर यांनीं १६५७, १७५७ व १८५७ अशीं शंभर-शंभर वर्षांच्या अंतराचीं तीन सालें धरून तीन कादंबऱ्या रचल्या, आणि 'तारा' त्यांपैकीं पहिली. शंभराचा मेळ दिसावयास सुंदर आहे, पण प्रतापगडाखालीं अफझलखान मारला गेला तो १० नोव्हेंबर १६५९ रोजीं. कादंबरींतून शब्द घ्यावे. सनावळी इतिहासाच्या पुस्तकांतून घ्यावी.

तर 'तारा' वाचावयास घेतली, आणि वर्गाचा रंग पालटला. तुळजापूर हें क्षेत्र, त्र्यंबकेश्वरहि क्षेत्र. देऊळ, पुजारी, यात्रेकरू, नवस, घाट, कुंड, दक्षिणा, यांत वाढलेल्या मुलास तुळजापूरचें वर्णन परकें नव्हतें. परके होते ते फक्त शब्द. वाचनाच्या ओघांत आम्ही त्या-त्या विषयाचे आणखी शब्द फळ्यावर लिहीत असूं. एके दिवशीं 'सर्कमॅम्ब्युलेशन' लिहिला. तो लिहितांना आमचाच खडू मोडला. शहरांतला एक हुशार मुलगा त्याचे तुकडे पाडून अर्थ काढूं लागला. आम्हीं मागच्या बांकावरच्या त्र्यंबकच्या मुलास विचारलें, "श्रावणांतल्या तिसऱ्या सोमवारीं तुझ्या गांवीं लोक काय करतात?"

"ब्रह्मगिरीची फेरी करतात, सर."

"मग हा शब्द तूं पायांनीं चालून आला आहेस."

त्या दिवसापासून मागचा बांक पुढें सरकला. 'ॲब्ल्यूशन' म्हणजे कुशावर्तावरचें स्नान. 'व्होटिव्ह' म्हणजे नवसाचें. 'जीनिऑलॉजी' हा शब्द आला तेव्हां त्याच मुलानें सांगितलें कीं, आमच्या घरीं यजमानांच्या नामावळीच्या वह्या आहेत. यात्रेकरूनें गांव व आडनांव सांगितलें कीं आजोबा त्याच्या पणज्याचें नांव वाचून दाखवितात. इंग्रजीच्या मोठ्या परीक्षांस बसणाऱ्या किती जणांस हा शब्द इतक्या जवळून ठाऊक असेल? आपल्या मराठींत यात्रा म्हटलें कीं तींत देवदर्शनाचा प्रवासहि येतो आणि पाळणे-मिठाईचा बाजारहि येतो. इंग्रजींत पहिल्याला 'पिल्ग्रिमेज' आणि दुसऱ्याला 'फेअर' म्हणतात, हा भेद निवृत्तिनाथांच्या पौष वद्य एकादशीच्या यात्रेवरून दोन मिनिटांत समजला. एरव्हीं तो समजावयास निबंधाच्या चारपांच वह्या लाल कराव्या लागतात.

किल्ल्याचे शब्द तर त्या मुलांच्या उशाशींच होते. ब्रह्मगिरीचा काळा उभा कडा म्हणजे 'एस्कार्पमेंट'. डोंगराची उतरती सोंड म्हणजे 'स्पर'. घळ म्हणजे 'रवीन'. कातळांत खोदलेलें पाण्याचें टांकें म्हणजे 'सिस्टर्न'. किल्ल्यावरची शिबंदी म्हणजे 'गॅरिसन'. 'कपिट्युलेट' या शब्दावर वर्ग अडला. हा साधा पराभव नव्हे. अटी ठरवून किल्ला हवालीं करणें, असा त्याचा अर्थ. १८१८ च्या एप्रिल महिन्यांत पेशवाई बुडतांना त्र्यंबकचा किल्ला इंग्रजांच्या हातीं गेला, ती हकीकत सांगितली आणि मग शब्द लिहिला. एक मुलगा म्हणाला, "सर, म्हणजे आमचाच किल्ला." तो शब्द तो मुलगा आतां विसरेल असें आम्हांस वाटत नाहीं, विसरावा असेंहि त्याला वाटणार नाहीं.

गंमत अशी कीं, 'तारा' अर्धी झाल्यावर तींच मुलें 'आयव्हॅन्हो' पुन्हां मागूं लागलीं. आतां वेढा, तट, बुरूज यांचे शब्द त्यांच्या हातीं होते. पहिल्याच प्रकरणांत एक डुकरें राखणारा गुराखी व एक विदूषक यांचें संभाषण आहे, तें आम्हीं मुद्दाम सावकाश वाचलें. विदूषकाचें म्हणणें असें, कीं जनावर जिवंत असून त्याची निगा राखावयाची असते तोंवर त्याचें नांव आमच्या सॅक्सन लोकांच्या भाषेंतलें. तेंच शिजून धन्याच्या ताटांत गेलें कीं त्याला नॉर्मन धन्याच्या भाषेंतलें नांव मिळतें. 'स्वाइन'चें 'पोर्क' होतें तें असें. १०६६ सालीं नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकलें, त्याची खूण इंग्रजांच्या जेवणाच्या टेबलावर आजहि शिल्लक आहे. (त्र्यंबकच्या मुलांपुढें खाटिकखान्याचा हा पाठ द्यावयास आम्ही थोडे कचरलों होतों, मुलांनीं तो आमच्यापेक्षां शांतपणें घेतला.)

हें वाचून एका मुलीनें विचारलें, आपल्या मराठींतहि असें झालें आहे काय? प्रश्न फारच चांगला होता. नांगर, बैल, कणीस, खळें हे शब्द आपले घरचे. पण धान्य खळ्यांतून सरकारांत जावयास निघालें कीं वसूल, जमाबंदी, कारकून, दप्तर, हे सारे फारसी-अरबी दरबारांतून आलेले शब्द वाटेंत उभे. शिवाजीमहाराजांनीं याच कारणासाठीं रघुनाथपंतांकडून राज्यव्यवहारकोश करविला, आणि त्यांत दरबारी फारसी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द दिलेले आहेत. ते कांहीं रुजले, पुष्कळ रुजले नाहींत. वसूल अद्याप वसूलच आहे, आणि तो आतां आपलाच शब्द झाला आहे. इंग्रजी शब्द शिकण्यास बसलेलीं मुलें त्या तासाला मराठी शब्दांकडेहि प्रथमच परक्यासारखीं पाहत होतीं.

एवढें सर्व सुरळीत चाललें असतां एक दिवस त्या मागच्या बांकावरच्या मुलाचे वडील शाळेंत आले. ते तीर्थोपाध्याय आहेत. हातांत 'तारा' होती आणि चेहरा गंभीर होता. "सर," ते म्हणाले, "मुलाचें इंग्रजी सुधारावें म्हणून आपल्याकडे पाठविला. पण साहेबांनीं लिहिलेल्या या जुन्या पुस्तकांत देवाला 'आयडॉल' म्हणतात आणि आमच्या आचाराला 'सुपरस्टिशन' म्हणतात. हेच शब्द त्यानें शिकावयाचे काय?"

आम्ही ख्रिस्ती माणूस. तेव्हां हा प्रश्न आम्हांस विचारला जावा यांत एक अवघडलेपण होतें, तें लपविण्यांत अर्थ नाहीं. जुने शब्द आहेत, लक्ष देऊं नका, असें म्हणून सुटतां आलें असतें. पण शब्दांकडे लक्ष द्या असें वर्षभर सांगत असणाऱ्या शिक्षकास तें उत्तर शोभलें नसतें. आम्हीं म्हटलें, "गुरुजी, आपला प्रश्न बरोबर आहे. मुलालाच विचारूं या." मुलगा आला. वडिलांस पाहून थोडा भ्याला, मग म्हणाला, "सर, तो शब्द आमच्या देवाला लागूच पडत नाहीं. आमच्या गाभाऱ्यांत मूर्ति कोठें आहे? तेथें खळगा आहे, आणि त्यांत अंगठ्याएवढीं तीन लिंगें आहेत, ब्रह्मा, विष्णु आणि महेश यांचीं. लिहिणाऱ्यानें पाहिलेंच नसेल."

आम्हींहि तो गाभारा पाहिलेला नाहीं. मुलानें पाहिलेला आहे. त्या क्षणीं त्या शब्दाविषयींचा अधिकार आमच्याकडे नव्हता, त्याच्याकडे होता.

मग आम्हीं तिघांनीं बसून त्या एका शब्दाचा पाठपुरावा केला. 'आयडॉल' हा मुळांत ग्रीक शब्द, त्याचा साधा अर्थ आकार किंवा प्रतिमा. दुसऱ्याच्या देवाविषयीं तो वापरला जातां जातां त्यांत तुच्छता मुरली. आज गाण्याच्या स्पर्धेंत जिंकणाऱ्यास तोच शब्द शाबासकी म्हणून लावतात, आणि कोणी रागावत नाहीं. एकच शब्द, तीन रंग. ज्यास शिवी द्यावयाची नाहीं त्याच्यासाठीं 'इमेज' आहे, 'डीटी' आहे, देवस्थानासाठीं 'श्राइन' आहे. 'सुपरस्टिशन' हा शब्द तर असा आहे कीं, तो बहुधा शेजाऱ्याच्या घराविषयींच सुचतो. मुलानें वहींत 'आयडॉल' लिहिला, अर्थ लिहिला, आणि पुढें आपल्या हातानें लिहिलें, 'मी वापरणार नाहीं.' उच्च प्रतीचें शब्दज्ञान ज्याला म्हणतात त्याची आमच्या समजुतीप्रमाणें हीच पायरी आहे. शब्द ठाऊक असणें ही खालची पायरी. तो कोणाच्या तोंडचा, कोणावर टाकलेला, आणि आपण उचलावा कीं पडूं द्यावा, हें ठरवितां येणें ही वरची. वीस-वीस शब्दांच्या यादींतून तेथवर कोणी पोंचलेला आम्हांस दिसला नाहीं. म्हणून जुनीं पुस्तकें दोषांसकट मुलांच्या हातीं द्यावीं, मात्र एकट्यानें वाचावयास देऊं नयेत, असें आमचें मत आहे.

एकट्यानें नव्हे, याचा अर्थ इंग्रजी जाणणारेंच माणूस शेजारीं पाहिजे असा नाहीं. पालक आम्हांस म्हणतात, आम्हांस इंग्रजी येत नाहीं, आम्ही काय मदत करणार? पुष्कळ करणार. मुलानें एक प्रकरण कोश न उघडतां सबंध वाचावें. जो शब्द तीनदां आडवा आला तेवढाच टिपावा, एकदां आलेल्यास सोडून द्यावें. मग संध्याकाळीं तो प्रसंग घरीं मराठींत सांगावा: तटाला मागच्या अंगास एक लहानसा दरवाजा होता, त्यांतून हेर रात्रीं बाहेर पडला. आजोबा म्हणतील, "अरे, ती चोरदिंडी." झालें, 'पोस्टर्न' या शब्दाला घर मिळालें. कोश 'मागील दार' एवढेंच म्हणून स्वस्थ बसला असता. आमच्या लहानपणीं घरीं मराठी व इंग्रजी पवित्र शास्त्र शेजारीं शेजारीं ठेवून रोज रात्रीं तोच अध्याय दोन्ही भाषांत वाचीत. आमचें बरेंचसें इंग्रजी त्या कंदिलाखालचें आहे. ज्यांस हा दोन भाषांचा प्रकार कादंबरींत करून पाहावयाचा असेल त्यांनीं टेलर यांची १८४० सालची टिपू सुलतानावरील कादंबरी आणि तिच्या आधारें हरि नारायण आपटे यांनीं लिहिलेली 'म्हैसूरचा वाघ', हीं दोन पुस्तकें जवळ ठेवावीं. आपट्यांनीं कोठें काय सोडलें आणि कोठें काय घातलें हें शोधण्यांत दिवाळीची सबंध सुटी सहज जाईल.

राहतां राहिली परीक्षा. या रीतीनें गुण वाढतात काय, असें विचारणाऱ्यांस आम्ही इतकेंच सांगतों, कीं त्र्यंबकच्या मुलांचे निबंध आतां पूर्वीपेक्षां लांब येतात आणि त्यांत चुकाहि जास्त असतात, कारण तीं आतां न भितां मोठे शब्द वापरूं लागलीं आहेत. त्या चुका सुधारावयास आम्हांस वेळ लागतो, पण कंटाळा येत नाहीं.

त्या तीर्थोपाध्यायांचें पुढें काय झालें हें सांगावयाचें राहिलें. त्या दिवशीं ते पुस्तक परत देण्यासाठीं आले होते; जातांना तें त्यांनीं पुन्हां पिशवींत घातलें. मुलगा म्हणतो, रात्रीं जेवणें झाल्यावर वडील त्याच्याकडून एकेक प्रकरण मराठींत सांगवून घेतात, आणि आजी मध्येंच विचारते, त्या पोरीचें पुढें काय झालें? ग्रंथालयाच्या नियमाप्रमाणें पुस्तक पंधरा दिवसांत परत यावयास पाहिजे होतें. आतां दुसरा महिना चालू आहे, आणि आम्हीं अद्याप दंड लावलेला नाहीं.